पायलीभर ज्वारी आणि वहिनींचा खोकला

बोरगाव,
३ मार्च १९६२

चि. श्रीपादास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्रातलं तिकडच्या आजारफंडाचं वर्णन वाचून मी गावात हे खूळ काढलं, आता निस्तरतोय. घरटी पायलीभर ज्वारी, त्यावर तालुक्याचे डॉक्टर दर मंगळवारी चावडीत. पण जो आजारी पडला नाही तो म्हणतो, माझी ज्वारी परत दे. दिनकर तर धडधाकट असून वसुलीखातर दोन बाटल्या औषध घेऊन गेला. या सुगीला तीस घरं आली नाहीत, तर डॉक्टर बंद. दमलो रे.

तुझ्या वहिनीचा खोकला तीन महिने हटत नाही. सुंठ-मध चालू आहे. डॉक्टरांना दाखवलेलं नाही. फंडाच्या कारभाऱ्यानेच आधी हात मारला, असं कुणी म्हणायला नको.

जेवणाची हेळसांड करू नकोस, हा आशीर्वाद.
आत्माराम


स्टुटगार्ट,
१४ मार्च १९६२

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून रागच आला. लहान तोंडी बोलतो, क्षमा असावी. परवा तापात क्रांकेनशाइन, म्हणजे फंडाची चिठ्ठी, घेऊन इथला चढ चढत डॉक्टरकडे गेलो. बाकावर शेजारी कोण, तर मला चिठ्ठी देणारा फंडाचाच साहेब. मानेला गळू, हातात तसलीच चिठ्ठी. तुम्हीसुद्धा रांगेत, असं मी विचारलं. तो म्हणाला, "अहो, मीच आलो नाही तर लोक कशाला येतील?"

वहिनींना येत्या मंगळवारी चावडीत बसवा, सगळ्यांदेखत. माझं इथे कामात लक्ष नाही.

रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.
आपला,
श्रीपाद


बोरगाव,
८ एप्रिल १९६२

चि. श्रीपाद भावोजींना,
अनेक आशीर्वाद. तुमचं पत्र यांनी दोनदा वाचलं आणि मंगळवारी चावडीत माझ्यासाठी घोंगडी अंथरली. बायका टकामका बघत होत्या. शेजारची सरला म्हणाली, तुम्ही कधी येत नव्हता, म्हणून आम्हाला वाटलं की या डॉक्टरात काही राम नाही. अहो, घरं गळत होती ती त्यामुळे! दुसऱ्या दिवसापासून ज्वारी येऊ लागली. तीस घरं कधीच झाली. काल दिनकरभाऊही आले.

डॉक्टर म्हणाले, छातीत डाग आहे, मिरजेच्या इस्पितळात राहावं लागेल, आधी यायला हवं होतं. तेव्हापासून ज्वारी घेऊन कुणी आलं की हे परसात निघून जातात. तोंडाला पदर लावून मीच मापून घेते. महिनाअखेरीस मी मिरजेला गेले की ज्वारी यांनाच घ्यावी लागेल, तेवढं यांना लिहून समजवा.

माझ्यावर तुमचा लोभ आहेच. तो यांच्यावरही राहू द्या.
तुमची वहिनी,
मालिनी