रुमालाखालचा होकार

आबा, ज्या फोनवर हे लिहितेय, त्याच्या जातीवरून आपण घोडेगावच्या बैलबाजारात भांडलो होतो, आणि मी जिंकले! परवा पुन्हा त्याच बाजारात गेले होते. तुमच्या जागेवर आता बसणारा दलाल फोनशी मराठीत बोलत होता, फोन त्याचं बोलणं मराठीत उतरवून घेत होता, आणि भोवतीच्या बहुतेकांच्या खिशात तसलाच फोन होता. मला भर बाजारात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तेव्हा हा फोन चालवणारं अँड्रॉइड नवं होतं. चहाच्या टपरीवर मी तुम्हाला त्याची जन्मकथा ऐकवतेय. ते आधी कॅमेऱ्यासाठी योजलं होतं, तो बेत सोडून त्याच्या कर्त्यांनी मोबाईल धरला. बटणांच्या फोनची तयारी चालू असताना दुसऱ्याच कंपनीने बोटाने चालणारा पडदा आणला, आणि यांना आराखडा पुन्हा मांडावा लागला. पण माझा आवाज चढतो तो पुढच्या गोष्टीवर: त्यांनी आपला कोड जगासमोर उघडा ठेवला. कुणीही घ्या, वाचा, बदला! तुम्ही मात्र जन्मभर रुमालाखाली सौदे केलेले. बैलाची किंमत झाकल्या हातात, बोटांनी ठरायची. तोंडातून चकार शब्द नाही. पटलं की समोरच्याचा अख्खा पंजा आवळायचा, झाला सौदा. तुम्ही हसता. "अगं, सगळं उघडं टाकून धंदा हुतोय व्हय? चार दिसांत उठंल त्याचं दुकान." मग मला फोनवर मराठी बातमी उघडायला लावता. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. तुम्ही फोन सगळ्यांपुढे धरता: "बघा रं, पोरीच्या फोनात गोठे लई हायेत, जनावर येक न्हाई!" अख्खी टपरी खिदळते.

मी पेटले. "उघडं आहे म्हणूनच यात जनावरं मी बांधीन, आबा!" असं सगळ्यांदेखत बोलून बसले. कोड बंद असता तर कंपनीच्या दारात हात जोडून उभं राहावं लागलं असतं. इथे आत शिरता येत होतं. नगरच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आणि मी त्यात मराठी अक्षरं बसवायला लागलो. आधी फोनच बंद पडला, मग वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटल्या, आणि एका सकाळी पडद्यावर अख्खी बातमी उभी राहिली. आपल्या भाषेत! पुढच्या आवृत्त्यांमध्ये मराठी आयतीच येऊ लागली. पण त्या सकाळी ती आम्ही आणली होती.

बाजाराच्या दिवशी फोन तुमच्या हातात दिला. तुम्ही बातमी मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलीत. चहावाला म्हणाला, "काय आबा, हरला का पोरीपुढं?" "ह्यॅ! नव्याचं कौतिक हाय," तुम्ही उडवून लावलंत. आणि ते म्हणता म्हणता खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकलात. त्याखाली माझा अख्खा पंजा आवळलात. चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाहीत.

आज मी गावोगावच्या सभांत गरजते की ज्ञानावरचे रुमाल ओढून काढा. हे पत्रही उद्या कोपरगावच्या सभेत वाचून दाखवणार होते. नाही वाचणार. ती पकड मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, आबा. एवढं एक मी झाकूनच ठेवलंय.