मड्याची लादी

बाबा, काल तो आला होता. तो टेंपोवाला. त्याची आई गेली, धाकटा भाऊ कुवेतहून यायचा आहे, आणि हा दारात उभा राहून मला म्हणतो, "बाय, एक लादी दी गो." तुझा जीव घेणारा माणूस तुझ्याच कारखान्यात बर्फ मागायला येतो! लाज वाटली असेल का रे त्याला? तोंडावर तरी दिसली नाही.

गावात वीज नवी नवी आलेली, तेव्हा तू नदीकाठी हा कारखाना घातलास. लोक हसायचे, "शेट आता पाणी विकून पोट भरतलो!" पुढे तेच लोक मासळीच्या टोपल्या घेऊन पहाटे फाटकाशी भांडायचे. पण एक बर्फ तू कधी विकला नाहीस. मुंबईच्या नाहीतर आखातातल्या मुलासाठी कुणी मडं घरात थांबवून ठेवलं असलं, की त्या घरी लादी फुकट जायची. तीसुद्धा अखंड, भुशातून नुकती काढलेली, कारण फुटकी लवकर विरघळते. एकदा घाईत मी फुटकी दिली, तर कामगारांदेखत तू माझ्या कानाखाली वाजवलीस. "मड्याक फुटकी लादी? तुजो बापूस मेलो जाल्यार अशीच घालशी?" लग्नाच्या वयाची घोडी मी, आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही.

मग गोव्यात कोंकणी की मराठी, हे भाषेचं आंदोलन पेटलं. आपण घरात कोंकणी बोलायचो, देवापुढे मराठी आरत्या म्हणायचो, आपल्याला कुठल्या बाजूचे म्हणून मारायचं तेच मला कळत नव्हतं. पण बंदच्या दिवशी तुझं यंत्र चालू होतं, मारायला तेवढं पुरलं. वरच्या वाड्यावरची म्हातारी गेली होती, तिचा मुलगा बोटीवर होता. तिच्यासाठी बर्फ धरायला लावला होतास.

जमाव फाटक मोडून आत येतो. काचा फुटतात, आपल्या मुकादमाचं डोकं फुटतं, भुशावर रक्त सांडतं. तू हात जोडतोस, "हो बर्फ मड्याखातीर रे, विकपाक न्हय!" कोण ऐकतोय! सगळ्यांत पुढे हा टेंपोवाला, हातात पहार. रोज आपल्याकडून बर्फ नेणारा. आदल्या वर्षी त्याच्या बापाचं मडं आपल्याच लादीवर होतं. हिम चढलेली नळी पाहून त्याला वाटलं ही पाण्याची, फोडली की बर्फ बंद. घातली पहार. पाणी कसलं, मेल्या! बर्फ धरवणारा अमोनिया वायू सुटला. डोळ्यांत, घशात मिरचीपूड कोंबल्यासारखं झालं. माणसं ओकत, एकमेकांना तुडवत पळाली आणि हा तिथंच गुडघ्यांवर. तू ओला पंचा तोंडाला बांधलास, "रांडेच्या, मरतलो मरे!" म्हणत त्याला बखोट धरून बाहेर फेकलंस, आणि नळीची चावी बंद करायला परत आत शिरलास. "बाबा, वचूं नाका!" मी किंचाळत होते.

चावी तू बंद केलीस. पण रस्त्यावर झाडं आडवी पाडलेली, तुला म्हापशाच्या इस्पितळात न्यायला गाडी निघेना. ओसरीवर खोकत राहिलास, तोंडाला तांबडा फेस, आणि दिवेलागणीला गेलास. दादा मुंबईहून निघाला तो पत्रादेवीच्या सीमेवर अडकला. कारखाना मोडून पडलेला. अख्ख्या गावाच्या मड्यांना बर्फ दिलास, आणि तुला फुटकी लादीसुद्धा मिळाली नाही रे बाबा! दुसऱ्या दिवशी तुला न्यावंच लागलं. दादाला तुझं तोंड दिसलं नाही. पोलिसांना मी नाव सांगितलं, पण साक्षीला कोणी उभं राहिलं नाही. कारखाना मी पुन्हा उभा केला. हा माणूस इतकी वर्षं आमच्या फाटकावरून मान वळवून जात होता.

आणि काल आत आला. माझा हात बर्फ ओढायच्या आकड्यावर गेला. त्याचं टोक कसं असतं तुला ठाऊक आहे. "तुका बर्फ? तुका?" मी ओरडले. त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "म्हाका नाका गो. आवयक दी."

कोपऱ्यातली फुटकी लादी उचलून मी त्याच्या पायांशी आपटली. चुरा झाला. तो खाली बसून ते तुकडे पोत्यात भरू लागला, आणि बाबा, माझा कान तापला. तोच, तू वाजवलेला. मग भुशात हात घातला, अखंड लादी ओढत नेऊन मीच त्याच्या टेंपोत चढवली.

त्याला माफ केलं असं समजू नकोस. तो मरेल तेव्हा मी दारही उघडणार नाही, असं आत्ता तरी वाटतंय. हे पत्र गल्ल्याखाली राहील, पाठवू कुठे? तुला एवढंच सांगायचं होतं. लादी ओढताना मी रडत होते, ती त्याच्या रागानं नव्हे. राग तुझा आला होता. असली करून ठेवलीस मला, की त्याच्या आईलासुद्धा फुटकी देता येत नाही.