थोरल्याचे बूट

गुरुवार
पोचलो एकदाचा! चढ असा की फेस आला तोंडाला, पण डोंगरावरचं हे गाव एकदम झकास. खांबांवर उभी लाकडी घरं, खाली कोंबड्या आणि एक बकरी. तिनं आल्या आल्या माझा नकाशाच चघळला. चघळू दे, मला तरी कुठं कळत होता! मुक्काम एका रात्रीचा. घरात म्हातारा, त्याची विधवा सून आणि मधोमध चूल. सुनेचा थोरला मुलगा मागं दरीत पडून गेला. त्याचे बूट अजून दाराशी, तेल लावून चकचकीत. उद्या उतरायचं. रविवारी ताईचं लग्न आहे. नाही आलास तर तंगडं तोडीन, म्हणालीय.

शुक्रवार
सकाळी बाई पाण्याला गेली होती, चूल विझत आलेली. फुकटचं खाल्लं असं नको, म्हणून दोन लाकडं सारली, फुंकर घातली. म्हातारा असा ओरडला की बकरी पळाली. पाहुण्यानं चुलीला हात लावायचा नसतो, जो ती जागती ठेवतो तो घरचा होतो, म्हणे. मी म्हटलं, मग आजोबा, भाडं माफ! तो हसला नाही. बाई दारात, काखेत हंडा. मला म्हणाली, थोरल्या, जेवलास का रे?
निघालो. उतरत गेलो, उतरतच गेलो. ओढा ओलांडला, तर समोर तीच बकरी. वाटा चुकण्यात माझा हात कोण धरणार!

शनिवार
पुन्हा गेलो. पुन्हा बकरी. माझे बूट अंगठ्याला चावतायत, काल तर सैल होते. शेजारचा लोहार विचारतो, गुडघा बरा का रे तुझा? माझा गुडघा कधीच दुखत नव्हता. आता दुखतोय.
आजोबांना गाठलं, म्हटलं सोडवा. चूल विझली की सुटलास, म्हणाले. पण बाई तिच्यापासून हलत नाही. रात्रभर मला थोपटत होती.

रविवार
ताईचं लग्न. बाई ओढ्यावर गेलीय. आजोबांनी पाण्याचा तांब्या हातात दिला, म्हणाले, घरच्यानं चूल विझवायची नसते, तू ओत. ताईचा चेहरा आठवतोय — नाकाजवळ तीळ — की तो आईच्या — आई ओढ्यावर गेलीय —

अजून रविवारच
तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं. तहान लागली होती. दाराशी लहान बूट पडलेत, कुणाचे कोण जाणे. माझे तेलाचे — बरोबर बसले.
आजोबा रडतायत. कशाला?
चूल मंदावली. विझली की काहीतरी होणार होतं — आजोबा म्हणाले होते — कुणाचं तरी लग्न — थांब, आधी एक लाकूड सारतो, मग आठव