साडूचा पांढरा डबा

३ मार्च, सकाळी
आजपासून रोज लिहिणार. युद्धात नोंदी लागतात.
परिस्थिती अशी: रस्त्याच्या या बाजूला मी, काळ्या कन्सोलचा विक्रेता. त्या बाजूला आमचे साडूसाहेब, पांढऱ्या कन्सोलचे. जगात एवढी माणसं असताना बायकोच्या धाकट्या बहिणीने याच्याशीच लग्न केलं, आणि जगात एवढे धंदे असताना याने माझ्यासमोर माझाच धंदा काढला. टीव्हीला डबा जोडा, गेम खेळा. वर म्हणतो कसा, तुमचे गेम माझ्या डब्यावर चालत नाहीत, माझे तुमच्या डब्यावर चालत नाहीत, मग स्पर्धा कसली, साडूभाऊ?
साडूभाऊ म्हणे! गोड बोलून गळा कापणारा माणूस.
संकल्प: या वर्षात समोरचं शटर कायमचं खाली.

४ मार्च
काचेवर पाटी लावली. 'एका घरात एकच डबा शोभतो.' स्वतःला सुचली. बायको वाचून काही बोलली नाही. म्हणजे आवडली.

७ मार्च, दुपारी
संताप! संताप!
दातांची डॉक्टरीण आली. जुनं गिऱ्हाईक. खेळून झालेले काळे गेम परत घेऊन आली. ही पद्धतच आहे. मी जुने गेम विकत घेतो, पुसून-बिसून पुढे स्वस्तात विकतो. पैसे दिले. बाईंनी पर्समध्ये टाकले आणि सरळ रस्ता ओलांडून त्याच्या दुकानात! बाहेर आल्या त्या पांढरी पिशवी घेऊन. माझ्याच गल्ल्यातून शत्रूला रसद!
दारातूनच हटकलं. त्या शांतपणे म्हणाल्या की घरी दोन्ही डबे आहेत, नवऱ्याचा काळा, त्यांचा पांढरा. आणि गेल्या महिन्यात त्यांनी पांढरे गेम तिकडे विकून त्या पैशात माझ्याकडे खरेदी केली होती, ते मी विसरलो का?
ते वेगळं. त्यात त्याचं नुकसान होतं.

८ मार्च
निर्णय. जुने गेम घेणं आजपासून बंद. सापाला दूध पाजायचं नाही. बायको म्हणाली, आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करू नका. तिला स्ट्रॅटेजी हा प्रकार माहीत नाही.

१५ मार्च
प्लॅन लागू पडला. समोर भर दुपारी साडू एकटाच फडकं मारताना दिसला. माझ्याकडेही कुणी नव्हतं. पण माझ्याकडे असते ती शांतता. त्याच्याकडे असते ती मंदी.

२२ मार्च
आता दारातच विचारतो, घरी पांढरा आहे का? आहे म्हणाला की बाहेर. संध्याकाळी एक बस ड्रायव्हर आला. नाही म्हणाला. चेहऱ्यावरून खोटं ओळखलं. हाकलला. मागाहून कळलं की त्याच्याकडे एकही डबा नव्हता, मुलीसाठी पहिलाच घ्यायला आला होता. असेल. पण माणसाची नजर चांगली नव्हती.

२ एप्रिल
डिस्ट्रिब्युटर येऊन गेला. माझा माल उठत नाही म्हणून कुरकुर. त्याला युद्धाची कल्पना दिली. तो हसला. खुर्चीला धरून हसला! दोन्ही डबे तोच पुरवतो म्हणे. ज्या टेम्पोतून माझी काळी खोकी उतरतात, त्याच टेम्पोतून पुढे समोरची पांढरी. इतकी वर्षं मी त्या टेम्पोला नमस्कार करत होतो.
मग अक्कल शिकवायला लागला. म्हणे, आज काळा घेणारा पुढच्या वर्षी पांढरा घेतो. ज्याला गेमची गोडीच नाही तो दोन्ही घेत नाही. तुमचं भांडण असलंच तर लोकांच्या खिशातल्या फोनशी आहे.
दुतोंडी मेला. चहा सांगितला होता, रद्द केला.

१९ एप्रिल
सासऱ्यांकडे जेवण. साडू माझ्या बायकोला 'ताई, माझंही पान इथेच मांडा' म्हणत शेजारीच येऊन बसला. हळू आवाजात म्हणाला, साडूभाऊ, जुने गेम घेणं परत सुरू करा. तुमच्याकडे विकून चार पैसे सुटले की लोक माझ्याकडे येतात, माझ्याकडे विकून सुटले की तुमच्याकडे. तुम्ही थांबलात, आता माझ्याही हातात गेम घ्यायला पैसे उरले नाहीत. असंच चाललं तर दोघांचं अवघड आहे.
गयावया करत होता हो! काय बरं वाटलं म्हणून सांगू. नाक दाबलं की तोंड उघडतं. मी भातात आमटी कालवली आणि म्हणालो, बघू.
आत मेव्हणी रडत होती असं कळलं. बायको घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिला आनंद पचवायला वेळ लागतो.

११ मे, सकाळी
पडलं! शटर पडलं!
बोर्ड उतरवताना दारात हाताची घडी घालून उभा राहिलो. डोळे भरून पाहिलं. मग साडू रस्ता ओलांडून माझ्याकडेच आला. शिव्या देईल म्हणून तयारीत होतो. त्याच्या हातात खोकं. मी जुने घेईनासा झाल्यावर लोक काळे गेम त्याच्या काउंटरवर आणून टाकायचे. त्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून त्याने पदरचे पैसे देऊन ठेवून घेतले होते. माझ्या काय कामाचे, तुम्ही विका, म्हणाला. पैसे नको म्हणाला.
पराभूताची खंडणी. स्वीकारली.
आता तो स्टेशनजवळ मोबाइल विकणार आहे. विको बापडा. तिथे माझा राग पोहोचत नाही.

१२ मे
निष्कंटक राज्य. रस्त्यावर मी एकटा. आता सगळे इकडेच येणार, जातील कुठे? जादा स्टुलं आणून ठेवली.

२० मे
सकाळी एक बाई आल्या. समोरचं दुकान कधी उघडतं, विचारून गेल्या. संध्याकाळी एक गृहस्थ. तेच. मी काय त्याचा चौकशी काउंटर आहे?

३ जून
डॉक्टरीणबाई दिसल्या, फुटपाथवरून जात होत्या. धावत गेलो. म्हटलं, जुने घेणं सुरू केलंय, जास्त भाव देतो, या. त्या म्हणाल्या, दोन्ही डबे काढून टाकले. पांढऱ्याचे गेम आता जवळ मिळत नाहीत, आणि एकट्या काळ्यावरून नवराबायकोत रोज भांडण. त्यापेक्षा दोघांनी चांगले फोन घेतले. त्यावरच खेळतात.
फोन कुठून घेतले, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. सवलत पण दिली म्हणे त्याने.

१७ जून
डिस्ट्रिब्युटरचा निरोप. एका दुकानासाठी टेम्पो या रस्त्याला घालणं परवडत नाही. माल हवा असेल तर गोडाउनला येऊन न्यायचा. चोर!
पाटी काढली. काचेवर गोंदाचा डाग राहिला.

३० जून
दुकान उघडायला गेलो आणि किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिलो. पाय आत जाईना. पूर्वी कसं, डोळे उघडले की साडू आठवायचा, अंगात नुसती वीज यायची, चहा अर्धा टाकून पळत यायचो. आता सकाळी उठून कुणाच्या नावाने बोटं मोडायची? खरं लिहायचं तर मला करमत नाही.
फोन लावला. शरण नाही गेलो. ऑफर दिली. समोरचा गाळा अजून रिकामा आहे, परत ये, अर्धं भाडं मी भरतो. तो म्हणाला, इथे बरं चाललंय, साडूभाऊ. मी ओरडलो, अरे, इथे मला कुणी स्पर्धाच उरली नाही! तो म्हणाला, स्पर्धा होती कधी? तुमची गिऱ्हाइकं माझी, माझी तुमची. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे.
मागे त्याच्या दुकानातला गलका ऐकू येत होता. फोन ठेवता ठेवता म्हणाला, गर्दी आवरत नाही म्हणून ताई उद्यापासून माझ्या काउंटरवर बसायला येतायत, तुम्हाला बोलल्याच असतील.
मी म्हणालो, हो, बोलली ना.
बोलली नव्हती.