वरच्या खाचरातलं पैंजण

प्रिय आबा,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही असताना फोनवर बोलणं व्हायचं, तेही जेवलात का आणि गुरं कशी आहेत एवढंच. आज लिहितोय, कारण उद्या सकाळी आई वैशीचं पैंजण घेऊन वेल्ह्याला सोनाराकडे निघणार आहे. ते आटवून तिला वैशीच्या नावाचा टाक करायचा आहे. तुमचं वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यात आहे, त्याआधी तो देव्हाऱ्यात बसवायचा, असं तिने मनात घेतलंय. "पोरीच्या अंगावरचं हाय ते. दुसरी चांदी नगं मला," म्हणाली.

आबा, ते पैंजण वैशीचं नाही. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत होतं. फक्त आईला माहीत नाही.

माझ्या पाठची वैशी मैत्रिणींबरोबर समुद्र बघायला गेली ती परत आलीच नाही. लाटेने चौघींना ओढलं, तिघी बाहेर आल्या. आठ दिवस होड्या फिरल्या. मग एक एक करून सगळे आपापल्या घरी गेले, तुम्ही सोडून. "काय तरी हाताला लागू दे. मोकळ्या हातानं पोरीचं काय करू?" हे वाक्य तुम्ही किती वेळा म्हणालात! भटजींनी दर्भाचा पुतळा करून विधी उरका म्हणून सांगितलं, तर त्यांना चहा न देता वाटेला लावलंत.

वैशीच्या पायात चांदीची पैंजणं होती, म्हणून धातू शोधायचं मशीन मीच पुण्याहून आणून दिलं. खरं सांगू? तुमची समजूत काढायला आणलं होतं. दोन-तीन खेपांत कंटाळाल, असा माझा हिशेब होता. तुम्ही कधी कशाला कंटाळला होतात, की याला कंटाळाल?

मशीन खांद्याला लावून तुम्ही केळदवरून मढे घाटाने पायी कोकणात उतरायचात आणि पुढे एसटी धरायचात. गावात, पासलीत, चेष्टा व्हायची. शेजारचे बाळूतात्या ओरडायचे, "आबा, आमच्या बांधावरनं बी फिरवा की! हंडा गावला तर निम्मा निम्मा!" तुम्ही चालता चालता म्हणायचात, "बांध सरकवून तू माझी जी जमीन घातलीस पोटात, ती वाजली तर सांगतो." एकदा वाटेत पोलिसाने अडवलं. तोरण्यावर खणायला चाललाय काय, विचारलं. "न्हाई सायेब, समुद्रावर," तुम्ही सांगितलंत. त्याला ते जास्तच संशयाचं वाटलं.

समुद्राचं गणित तुम्हाला किनाऱ्यावरच्या कोळीणबाईंनी शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, तिथून सहा तासांनी ओहोटी. "पुनवेला नायतर अवसेला या, बाबा. आठमीला पानी हटतच नाय, वरच्या वर डुलतं," त्या म्हणाल्या होत्या. पुनवेच्या आदल्या दिवशी तुम्ही त्यांच्या पडवीत मुक्कामाला जायचात आणि पहाटे उतरत्या पाण्याच्या मागे मागे चालत जायचात. पाणी फिरलं की तुम्हीही फिरायचात. माझी अर्धी नोकरी वर्तमानपत्रात वेळ गाठण्यात गेली, पण तुमच्याइतका वेळेचा पक्का माणूस मी कचेरीत पाहिला नाही.

आणि ती खाचरं! अख्खा किनारा तुम्ही भातखाचरांसारखा वाटून घेतला होता. इथून नेलेल्या कारवीच्या काठ्या रोवायच्या, एक खाचर संपल्याशिवाय दुसऱ्यात पाय टाकायचा नाही. घरी आलात की आईला सांगायचात, "वरची समदी झाली. आता खालचीच राह्यली, अवसेला उघडत्यात तेवढी." आई भाकरी थापत ऐकायची. तिला वर्षभर झोप नव्हती. तुम्ही गेलात की उंबऱ्यावर बसायची, आलात की हाताकडे बघायची. मला ते बघवेना.

म्हणून मी ते केलं. मोबाईलमधल्या वैशीच्या फोटोवरून पुण्यात तसंच पैंजण घडवून घेतलं. मिठाच्या पाण्यात ठेवून मळवलं, वाळूने घासलं. मग तुमच्या मागे लागलो, मी पण येतो. मला सुट्टी मिळाली नेमकी अष्टमीला. तुम्ही म्हणालात, "आठमीला काय गावायचं न्हाई रं." मी म्हणालो, "मला तेवढीच सुट्टी आहे, आबा." मग पोरगा येतोय एवढ्यावर निघालात.

दुपारी बाराची ओहोटी. पाणी जरासं मागे सरून थांबलं होतं. तुम्ही टपरीवर चहा घेत होतात, तेवढ्यात मी वीतभर उकरून ते पुरलं. खालची खाचरं पाण्याखाली होती. मला दुसरी जागाच नव्हती, आणि असती तरी मला कुठे कळणार होतं? शेत सोडून वीस वर्षं झालेला माणूस मी. जिथे पुरलं ते तुमचं कधीच संपलेलं खाचर होतं.

मशीन वाजलं. तुम्ही गुडघ्यावर बसलात, हाताने वाळू सारलीत, पैंजण उचललंत. उलटंपालटं केलंत. मग काठीकडे बघितलंत, पाण्याकडे बघितलंत. माझ्याकडे नाही.

"लई वर गावलं," तुम्ही म्हणालात.

"लाटेने आणलं असेल, आबा."

"व्हय. लाटंनंच."

एवढंच. परतताना तुम्ही काठ्या उपटल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी दर्भाचा पुतळा केला. तुम्ही ते पैंजण पुतळ्याच्या पायाशी ठेवलंत आणि अग्नी देण्याआधी काढून आईच्या हातात दिलंत. ती वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने रडली. त्या रात्री तिला झोप लागली. आणि तुमची गेली, आबा. मशीन माळ्यावर गेलं. तुम्ही अमावस्येला अंगणात बसून घाटाकडे बघायचात. जेवण कमी झालं, मग बोलणं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. सापडणार काय होतं? तुमच्या हातात एकच काम उरलं होतं. ते मी खोटं पैंजण देऊन काढून घेतलं. आईला झोप दिली म्हणून मी स्वतःला शहाणा समजत होतो!

जायच्या चार दिवस आधी तुम्ही मला जवळ बोलावलंत. म्हणालात, "दत्ता, तुझ्या आईला सांगू नगंस. तिला झोप लागती आता." मी शब्द दिला. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. का नाही रागावलात? किनाऱ्यावरच का नाही फेकून मारलंत ते माझ्या तोंडावर?

वर्षभर तुमचं ऐकलं. आई रोज ते पुसते, हळदकुंकू लावते. गावी आलो की मी बघतो आणि गप्प बसतो. पण टाक झाला की ते आईपुरतं राहायचं नाही. माझी सून, तिची सून, सगळ्या त्याला गंध लावतील, नैवेद्य दाखवतील, लग्नात पहिला मान देतील. आणि वैशी? ती त्या खालच्या वाळूतच. तिचं नाव मी माझ्या हाताने खोट्याला देऊ?

आबा, तुमचं एवढंच सांगणं मोडणार आहे. एसटी आठला येते, त्याआधी मी आईला सगळं सांगेन. पुण्यातल्या सोनारापासून तुमच्या शेवटच्या शब्दापर्यंत, माझा दोष कमी न करता. ती काय करेल मला माहीत नाही. तिची झोप पुन्हा जाईल, ती माझ्यामुळे जाईल. घराबाहेर हो म्हणाली, तर होईन. मशीन काढ म्हणाली, तर येत्या अवसेला उतरेन, तुम्ही सोडलेल्या खाचरापासून. तिने काहीच म्हटलं नाही, तर तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसेन. पण तिच्यासमोर पुन्हा खोटं ठेवणार नाही, हा शब्द.

तुम्हाला दिलेला शब्द मोडणारा,
तुमचा
दत्ता