गॅलरी भरलीच पाहिजे

३ ऑगस्ट, सोमवार
स्टाफ मीटिंग. प्राचार्य म्हणाले, मुलींच्या बास्केटबॉल टीमचे यंदा आपल्या हॉलमध्ये पाच सामने आहेत. गेल्या वर्षी गॅलरीत कुत्रं फिरकलं नाही. यंदाही तेच झालं तर हॉल पाडू आणि तिथे गाड्या लावू. मग विचारलं, प्रेक्षक आणायची जबाबदारी कोण घेतंय? सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी वर पाहिलं, कारण डोक्यावरचा पंखा आवाज करत होता. प्राचार्य म्हणाले, वा! भूगोलाचे सर तयार आहेत.
टाळ्या वाजल्या. जरा जास्तच वाजल्या. इतिहासवाला तर उभा राहून वाजवत होता. यामागे काय असावं?
असो. पद ते पद. प्रेक्षकवृद्धी समिती प्रमुख. समितीत सध्या मी.
कन्या टीमची कॅप्टन आहे, सात नंबर. तिचं हे शेवटचं वर्ष. घरी आल्या आल्या बातमी दिली. ती म्हणाली, अरे देवा. आनंदाने शब्द सुचत नाहीत असं होतं कधीकधी.
संकल्प: तिसऱ्या सामन्यापर्यंत गॅलरी फुल्ल. खेळाचे नियम उद्यापासून वाचायचे.

४ ऑगस्ट
नियम वाचायला घेतले. दुसऱ्या पानावर डोकं दुखलं. नियम खेळणाऱ्यांसाठी असतात. आपलं काम गर्दीचं.

१२ ऑगस्ट, बुधवार
पहिला सामना. प्रेक्षक चौदा. त्यात समोरच्या टीमच्या बसचा ड्रायव्हर (झोपलेला), परीक्षा विभाग कुठे आहे ते विचारायला आलेले दोघे, आणि बायको. म्हणजे खरे दहाच. हरलो.
कारण शोधून काढलं. त्याच वेळी शेजारच्या सभागृहात नाटकवाल्या बाईंची तालीम. पन्नास-साठ पोरं तिकडे. बाई म्हणाल्या, बुधवारची तालीम गेली कित्येक वर्षं आहे, सर. योगायोग म्हणे! मी भूगोल शिकवतो. नदी उगाच वळत नाही.
कोचला शंका बोलून दाखवली. तो म्हणाला, सर, तुम्ही ते नियम एकदा बघून घ्याच. विषय बदलला. लक्षात ठेवलं आहे.

१७ ऑगस्ट
पोस्टर स्वतः लिहून काढली. हस्तलेखनात आपुलकी असते. घोषवाक्यही माझंच: "हरलो तरी हरकत नाही, बघायला या!" कन्या म्हणाली, बाबा, पहिला अर्धा भाग तरी काढा. मी म्हटलं, प्रामाणिकपणा आजकाल लोकांना आवडतो.
वॉचमनकडून गेटवर, जिन्यात, कँटीनमध्ये लावून घेतली. लावताना तो स्वतःशीच हसत होता.

२५ ऑगस्ट, मंगळवार
भयंकर प्रकार. आज संध्याकाळी तीसएक माणसं हॉलपाशी आली आणि कुलूप बघून परत गेली. सामना उद्या! वॉचमन धावत आला. म्हणाला, सर, पोस्टरवर आजची तारीख आहे.
जाऊन पाहिलं. सगळ्या पोस्टरवर "मंगळवार, २५". कोणीतरी तारीख बदलली. तीही इतक्या सफाईने की कुठे खाडाखोड नाही. अक्षर हुबेहूब माझ्यासारखं. म्हणजे माणसाने सराव केलेला आहे.
नाटकवाल्यांकडे नकला करणारे पुष्कळ असतात. एवढंच लिहून ठेवतो.

२६ ऑगस्ट, बुधवार
दुसरा सामना. प्रेक्षक अकरा. वातावरणच नव्हतं, म्हणून माइक हातात घेतला. आपला आवाज चांगला आहे हे लहानपणापासून ऐकत आलोय, मुख्यतः आईकडून.
सुरुवातीला पाहुण्या टीमचं स्वागत केलं. त्यांच्या भागातली जमीन, तिचा पोत, सरासरी पाऊस यांची माहिती दिली. सामना तोवर सुरू झाला होता, पण विषय अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही.
मग कन्येला दोन फ्री थ्रो मिळाले. म्हणजे एकटीने रेषेवर उभं राहून चेंडू टाकायचा, कोणी अडवायचं नाही. प्रसंग मोठा. मी सांगितलं, प्रेक्षकहो, ही माझी मुलगी. हिला चालायलाही उशीर झाला होता, डॉक्टर झाले, तेल झालं, आम्ही आशाच सोडली होती, आणि आज पहा! चेंडू रिंगच्या आसपासही गेला नाही. मी लगेच धीर दिला: घाबरू नकोस, पिल्लू. दुसरा चेंडू तर पहिल्यापेक्षा लांब गेला.
पाहुण्या टीमच्या मुली हसत होत्या. खेळात असं हसणं बसतं का? नियमांत पाहायला हवं.
उत्तरार्धात माइक अचानक बंद. पाहिलं तर भिंतीतला प्लग काढलेला. वॉचमन म्हणाला, आपोआप निघाला असेल. प्लग आपोआप निघतो?
शत्रू हॉलच्या आत आहे.

२७ ऑगस्ट
कन्या बोलत नाही. हरल्याचं मनाला लागलं असणार. कॉलेजात कोणीतरी तिला पिल्लू म्हणून हाक मारली म्हणे. टोपणनाव पडणं हे लोकप्रियतेचं लक्षण.

९ सप्टेंबर, बुधवार
तिसरा सामना. रामबाण उपाय. माझ्या तिन्ही वर्गांना सांगितलं, हजेरी हॉलमध्ये घेईन. सव्वाशे पोरं! प्राचार्य दारातून डोकावले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मी माइकवरून हजेरी घेतली. सामना चालू असतानाच, म्हणजे वेळ वाचतो. पंचांनी दोनदा शिट्टी मारून माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.
हजेरी देऊन पोरं मागच्या दाराने पसार होऊ लागली. मी माइक घेऊन मागच्या दारात उभा राहिलो. मग ती पुढच्या दाराने गेली. शेवटची नावं घेतली तेव्हा ओ द्यायला कोणी नव्हतं, तरी ओ येत होती. गॅलरीत एकच मुलगा होता आणि तो वेगवेगळ्या आवाजांत ओ देत होता. नाटकवाला! विचारलं तर कबूल झाला. म्हणाला, मी सामना बघायला आलोय, सर, मला खरंच आवडतो.
खोटं बोलण्यातही यांची तालीम असते.
हरलो. मध्यंतरात कोच पाणी प्यायला टीमला बाहेर घेऊन गेला होता आणि बराच वेळ परत आणलंच नाही. पाणी आतही होतं.

१३ सप्टेंबर, रविवार
घरात काहीतरी शिजतंय. बायको फोनवर हळू बोलते. मी खोलीत गेलो की म्हणते, बरं, मग ठेवते. कोणाचा फोन? म्हणाली, चुकीचा नंबर. चुकीच्या नंबरशी कोणी अर्धा तास बोलतं?
दुपारी नाटकवाल्या बाई घरी! सोबत कोच! मी झोपलोय असं समजून चहा चालला होता. मी बाहेर आलो आणि सगळे गप्प. बायको म्हणाली, विणकामाचं बोलतोय. लोकर कुठेच दिसली नाही. कोचही विणतो का, विचारलं. तो म्हणाला, शिकतोय, सर.
आता कोणावर विश्वास ठेवायचा? आपल्याच घरात आपण परके.

१७ सप्टेंबर
आनंदाची बातमी. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. शेजारच्या शहरात गर्दी व्यवस्थापनाची एक दिवसाची कार्यशाळा आहे, कॉलेजतर्फे तुम्हीच जा, म्हणाले. तुमच्याशिवाय आहे कोण? मी विचारलं, तारीख? तेवीस. म्हटलं, तेवीसला चौथा सामना आहे. प्राचार्य म्हणाले, एक सामना आम्ही कसाबसा निभावून नेऊ.
कार्याची दखल शेवटी घेतली गेली. बायकोनेही लगेच बॅग भरायला घेतली. कार्यशाळेला अजून सहा दिवस आहेत. किती हा अभिमान!
कन्या आज माझ्याशी बोलली. म्हणाली, जा बाबा, नक्की जा. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

२३ सप्टेंबर, बुधवार
सविस्तर लिहितो.
कार्यशाळा म्हणजे आग लागली तर गर्दी बाहेर कशी काढायची, याची. वक्त्यांनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्याकडे माणसं किती जमतात? कोणी वीस हजार म्हणालं, कोणी पन्नास. मी म्हटलं, अकरा. हजार लावायचं राहून गेलं. वक्ते म्हणाले, मग तुमची अडचण काय आहे? जेवणाच्या सुट्टीत उठलो आणि परतीची बस पकडली. म्हटलं, अजूनही सामन्याला पोचतो. रिकाम्या हॉलला आपलीच गरज आहे.
गेटपाशीच ढोलासारखा काहीतरी आवाज आला. मला वाटलं, हॉल पाडायला घेतला. धावलो.
हॉलच्या दारात माणसं. खिडक्यांवर माणसं. वॉचमन आडवा हात धरून उभा. म्हणाला, सर, जागा नाही. मी म्हटलं, अरे, मी प्रेक्षक समितीचा प्रमुख आहे. तो म्हणाला, ते खरं, पण प्राचार्यसाहेबसुद्धा उभे आहेत.
सायकलस्टँडपाशी उभं राहून ऐकलं. नाटकवाली पोरं रिकामे डबे बडवत होती. ताल चांगला होता, कबूल करतो. माइकवर कोणीतरी मुलगी होती. ती बास्केट पडली की फक्त नंबर सांगायची. चार नंबर! नऊ नंबर! मग पुढचं लोक ओरडायचे. सात नंबर म्हटलं की आवाज जास्त यायचा. असं दर वेळी झालं. मी मोजत नव्हतो.
एकदा सगळं चिडीचूप झालं. शेजारी खिडकीत चढलेला पोरगा म्हणाला, सात नंबरचे फ्री थ्रो आहेत. एवढी माणसं आणि श्वासाचाही आवाज नाही. मग एकदम हॉल फुटल्यासारखा आवाज. पुन्हा शांतता. पुन्हा तोच आवाज.
दोन्ही गेले होते.
दोन पॉइंटांनी हरलो. तरी कोणी जागचं हललं नाही, टाळ्याच चालू. मी सगळ्यांच्या आधी घरी आलो आणि आत्ताच बसमधून उतरलोय असं सांगितलं.

२४ सप्टेंबर
बायकोला सरळ विचारलं. कट होता की नाही?
म्हणाली, होता.
म्हणाली, अहो, पोरी एकेका वर्गात जाऊन, समोरच्या दुकानांत जाऊन, घरोघरी जाऊन बोलावून आल्या. बाईंनी तालीमच हॉलमध्ये आणली. कार्यशाळा प्राचार्यांनी शोधली. आणि तो प्लगही मीच काढला होता.
म्हणजे माझा प्रत्येक संशय बरोबर होता. नाटकवाल्या बाई, कोच, बायको, सगळे सामील. इतका अचूक माणूस कॉलेजात दुसरा नाही. हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तारीख मात्र कोणी बदलली नाही हो. ती तुम्हीच लिहिलीत.
ते मी तपासून पाहणार आहे.
कन्या दारात उभी होती. म्हणाली, बाबा, त्या रेषेवर उभं राहिलं ना, की मला फक्त रिंग दिसायला हवी असते. तुमचा आवाज आला की मी चालायला न येणारी मुलगी होते. एवढं बोलून आत गेली. भांडली असती तर उत्तर तयार होतं माझ्याकडे.

२८ सप्टेंबर
प्राचार्यांनी हॉल राहणार असं जाहीर केलं. माझे विशेष आभार मानले, समिती बरखास्त केली. पाचव्या सामन्याला तुम्ही निवांत प्रेक्षक म्हणून या, म्हणाले. इतिहासवाला पुन्हा उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याचं काय ते एकदा बघायला हवं. नको. राहू दे.

७ ऑक्टोबर, बुधवार
पाचवा सामना. गेलो. सगळ्यांत वरच्या ओळीत, कोपऱ्यात जागा मिळाली. शेजारी कॉलेजसमोर शिलाईचं दुकान चालवणाऱ्या बाई. त्यांनी सरकून जागा दिली. म्हणाल्या, आता बरं झालंय. मध्ये एकदा आले होते, तर एक माणूस माइकवर सारखा बडबडत होता. पावसाचं काय, जमिनीचं काय. दारातूनच ऐकलं आणि परत गेले मी.
मी विचारलं, कोण होता?
म्हणाल्या, कोणा पोरीचा बाप होता म्हणे. बिचारी पोर. मग म्हणाल्या, तुमची कोण खेळते यातली?
मी म्हटलं, कोणी नाही. सहज आलोय.
जिंकलो. चार पॉइंटांनी. सगळे उभे राहिले, मीही राहिलो. कन्या मैदानाच्या मधोमध आली, गॅलरीत कोणालातरी शोधत राहिली, आणि मग वर बघून दोन्ही हात हलवले. शिलाईवाल्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या.
मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.