स्टेपनी तेवढी राहिली

मलकापूर, रविवार, दिवस मावळताना

आबांच्या जीपची अ‍ॅल्युमिनियमची चाकं मीठ फुटल्यासारखी पांढरी पडली होती. आबा गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. चार दिवस वॉटर पेपरनं घासली, मग पॉलिश मारलं. तोंड दिसायला लागलं त्यात. वाटलं, दादा फौजेतनं सुट्टीवर आला की बघंल आणि म्हणंल, जीप तुझ्याकडंच राहू दे.

आज आला. चाकावरनं बोट फिरवून म्हणाला, "लय भारी रं! आता गिऱ्हाईक लगेच मिळंल."

मी गप्प. का गप्प? थोरल्यापुढं तोंड उघडायचं नाही, ही आबांचीच शिकवण.

चहा पिता पिता दादा म्हणाला, "मागची स्टेपनी तेवढी राहिली बघ."

आणि मी गाढव, उठून ती घासायला बसलो.